दोन टक्के

सोमवारी दोन पत्रं आली, एकाच टपालात.
एकावर हिल्ट्रूडच्या हातचा शिक्का, नेहमीसारखा डावीकडे कललेला.
दुसऱ्यावर वेंडेलिनने नवा करून घेतलेला, सरळ.
मजकूर एकच: प्रिय श्री. विएहोचेक,
गुरुवारच्या सभेला अवश्य यावे.

तीस वर्षं मला दोघंही अलोइस म्हणत आले.

माझे दोन टक्के.
नोंदणीच्या कागदावर पाचशे युरो,
खरं तर चार महिन्यांचा पगार, २००९ सालचा.
त्या हिवाळ्यात एकाही चर्चने बिल चुकतं केलं नाही,
तेव्हा या दोघांनी पैशांऐवजी
कंपनीचा एक कोपरा माझ्याकडे सरकवला.
नोटरीने करार मोठ्याने वाचला, इथला कायदाच तसा,
अकरा पानं जवळजवळ एका दमात;
आमच्या भात्यालाही जमलं नसतं.
मला कळलं ते एवढंच: एकोणपन्नास, एकोणपन्नास, दोन.
"आमचं फाटलं तर तू आहेस," वेंडेलिन हसत म्हणाला.
मग आलुबुखाराचा केक. हिल्ट्रूडने मला कडेचा तुकडा दिला,
मला कडेचाच आवडतो हे ठाऊक असल्यामुळे.

फाटलं कशावरून, ते दोन वकिलांनाही
वेगवेगळं सांगितलं गेलंय.
शेड तिच्या वडिलांची, म्हणून कुलूप तिने बदललं.
नळ्यांची मापं त्याच्या वडिलांची,
म्हणून आराखड्यांच्या गुंडाळ्या त्याने रात्री गाडीत घातल्या.
बँकेत आता कोणाचीच सही चालत नाही.
भागीचं घोडं किवणानं मरतं;
आमचं तर अर्धं बांधून झालंय,
आठशे नळ्या घोंगड्यांवर आडव्या, कंठ न फुटलेल्या.

कासेलहून मूल्यमापन करणारा आला.
रंधे मोजले, कथील तोललं, ओक लाकडाला टिचकी मारली.
'नावलौकिक' या रकान्यात पेन्सिलीने एक आकडा लिहिला,
खोडला, पुन्हा लिहिला.
माझा कान कुठल्या रकान्यात, हे मीही विचारलं नाही.

हिल्ट्रूडकडून बिहीच्या जेलीच्या सहा बरण्या आल्या.
वेंडेलिनचा जावई येऊन आमची पन्हळ दुरुस्त करून गेला.
यादविगा म्हणाली, "इतक्या वर्षांत
पन्हळ गळते हे कोणाला दिसलं नव्हतं.
जेली मात्र चांगली आहे."

मधल्या शनिवारी ओबरहोल्झचा ऑर्गन लावायचा होता.
त्याला माणसं दोन लागतात:
एक पट्ट्यांपाशी, एक आत, नळ्यांच्या जंगलात.
शिकाऊ मुलगा नोकरी सोडून गेलेला, माझा गुडघा सुजलेला.
तेव्हा ती आत शिरली, तो पट्ट्यांपाशी बसला.
मी खाली बाकावर.
तीन तास ते एकच शब्द बोलले.
"पुढची," ती आतून म्हणायची. तो पुढची पट्टी दाबायचा.
दोन नळ्या किंचित वेगळ्या सुरात असल्या की हवेत थरथर उठते,
भांडल्यासारखी.
सूर जवळ येतात तशी ती संथ होत जाते,
संथ, आणखी संथ,
आणि कधी थांबली ते सांगता येत नाही.
"पुढची."
मला वाटलं, संपलं.
दारात त्यांनी आपापल्या गाड्यांच्या किल्ल्या काढल्या.

गुरुवार. तीन खुर्च्या आणि नोटरी.
विषय क्रमांक चार: श्रीमती ओसेनब्रिंक यांना
व्यवस्थापकपदावरून दूर करणे.
विषय क्रमांक पाच: तेच, श्री. काप्पेस यांच्याबाबत.
"श्री. विएहोचेक, चौथ्याच्या बाजूने की विरुद्ध?"

खोलीत कोणी हललं नाही,
म्हणून छतावरची नळी ऐकू आली, तिची घूं.
आम्ही तिघांनीही एकदम मान वर केली.
"जी," हिल्ट्रूड म्हणाली.
"जरा चढलेला," वेंडेलिन.
"केसभर," मी म्हणालो, आणि बोट वर करून दाखवलं.

नोटरीने माझ्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं,
आणि पेनाचं टोपण काढलं.